धामच्या काठचा राबता

शहराला मोकळी जागा किती लागते, या प्रश्नाचं उत्तर चौरस मीटरमध्ये देण्याची आपल्याकडे पद्धत पडली आहे. केंद्र सरकारच्या २०१४ च्या नगरनियोजन मार्गदर्शक सूत्रांत माणशी १० ते १२ चौरस मीटर हा आकडा दिलेला आहे. मुंबईचा २०३४ पर्यंतचा विकास आराखडा तयार होत होता तेव्हा तिथल्या माणसाच्या वाट्याला जेमतेम सव्वा चौरस मीटर मोकळी जागा येते असं पुढे आलं आणि त्यावरून पुष्कळ वादंग झालं. ते व्हायलाच हवं होतं. पण या हिशेबात एक गोष्ट कुठेच धरली जात नाही. त्या जागेत कोण येतं, कशासाठी येतं, किती नेमाने येतं आणि सकाळी तिथला केर कोण काढतं, याचा रकाना कोणत्याही आराखड्यात नसतो. मोकळ्या जागेचं आयुष्य ठरतं ते याच रकान्यावर, असं माझं म्हणणं आहे. नकाशावर हिरवा रंग भरल्याने जागा वाचत नाही. तिथे राबता असेल आणि राबता करणाऱ्यांवरच तिची जबाबदारी असेल, तर ती पिढ्यानपिढ्या टिकते. हे म्हणणं तपासायला महानगरापेक्षा पवनारसारखं गाव बरं, कारण मोकळ्या जागेचे चार-पाच प्रकार तिथे एका फेरफटक्यात भेटतात आणि प्रत्येकाचं दैव वेगळं आहे.

वर्ध्याहून नागपूरकडे निघालं की आठ-नऊ किलोमीटरवर धाम नदीचा पूल लागतो. पुलाच्या एका अंगाला काळ्या खडकांचं नदीपात्र, त्यात महात्मा गांधींच्या अस्थी विसर्जित झाल्या त्या जागेची छत्री, आणि वर टेकाडावर विनोबांचा परमधाम आश्रम. दुसऱ्या बाजूला गाव. हे गाव साधं नाही. वा. वि. मिराशींनी वाकाटकांची राजधानी प्रवरपूर म्हणजे हेच पवनार, असं मत मांडलं. पुढे मनसरच्या उत्खननानंतर प्रवरपूर तेच असावं असं मत पुढे येऊन वाद उभा राहिला, तरी वाकाटककाळी इथे मोठी वस्ती होती यात शंका नाही. १९६७ साली नागपूर विद्यापीठाने इथे उत्खनन केलं, तेव्हा सातवाहनकाळापासून मध्ययुगापर्यंतचे थर हाती लागले. अकबराच्या काळात वऱ्हाड सुभ्याच्या सरकारांच्या यादीत पवनारचं नाव आहे. म्हणजे दीड हजार वर्षांत बहुधा राजधानीचा मान, सरकारचं ठाणं, तटबंदी असं सगळं या गावाने पाहिलं. यातलं मोकळं म्हणून काय उरलं? राजवाड्याचं अंगण नाही, मंदिराचा परिसर नाही. वाकाटकांच्या मंदिराची शिल्पं तर मातीखाली इतकी विस्मरणात गेली होती की आश्रमवासीयांनी शेतीसाठी जमीन खणायला घेतली तेव्हा कुदळीला लागून ती वर आली. त्यातली रामायणातल्या प्रसंगांची शिल्पं आज आश्रमाच्या भिंतींपाशी उभी आहेत. नाव कितीही मोठं असलं तरी ते जागेची राखण करत नाही, याचा याहून स्पष्ट पुरावा शोधायला नको.

याउलट नदीकाठचा तो तुकडा गेली ऐंशीहून अधिक वर्षं मोकळा आहे. जमनालाल बजाजांचा इथे बंगला होता. १९३८ साली प्रकृती ढासळलेले विनोबा तिथे राहायला आले. १७ ऑक्टोबर १९४० रोजी गांधींनी निवडलेला पहिला वैयक्तिक सत्याग्रही म्हणून त्यांनी युद्धविरोधी भाषण केलं ते याच गावात. तो सत्याग्रह मुंबईत किंवा दिल्लीत सुरू झाला नाही, पवनारला झाला, आणि त्याला लागली ती फक्त लोकांना जमता येईल अशी जागा. १२ फेब्रुवारी १९४८ ला गांधींच्या अस्थी धाममध्ये विसर्जित झाल्या. तेव्हापासून दरवर्षी त्या दिवशी इथे सर्वोदय मेळा भरतो. १९५० च्या सुमारास इथे कांचनमुक्तीचा प्रयोग झाला. पैशावाचून आणि बैलावाचून, नुसत्या हातांनी शेती करायची, विहीर खणायची, भाजी पिकवायची असा तो प्रयोग होता. १९५१ साली विनोबा इथूनच शिवरामपल्लीच्या सर्वोदय संमेलनाला पायी निघाले आणि १८ एप्रिलला पोचमपल्लीत भूदानाचा आरंभ झाला. १९५९ मध्ये त्यांनी स्त्रियांसाठी ब्रह्मविद्या मंदिर स्थापन केलं. १५ नोव्हेंबर १९८२ रोजी इथेच त्यांचा देह पडला, आणि त्या दिवसांत दरवर्षी मित्रमिलन भरतं.

ही सनावळी दिली ती गौरवासाठी नाही. ती कामांची यादी म्हणून वाचावी. शेती, प्रार्थना, विष्णुसहस्रनामाचा पाठ, सूतकताई, 'मैत्री' मासिकाचं काम, मेळा, मित्रमिलन, अधूनमधून येणाऱ्या पाहुण्यांचं राहणं-जेवणं, यातलं प्रत्येक काम त्या जागेला धरून आहे. त्यात रोजची कामं आहेत, हंगामी आहेत, वार्षिक आहेत. करणारी माणसं तिथेच राहतात आणि झाडलोटीपासून स्वयंपाकापर्यंत सगळं आपणच करतात. तिथे प्रमुख असा कोणी नाही आणि निर्णय सर्वानुमतीने होतात. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी १९९० च्या आपल्या ग्रंथात जगभरच्या सामाईक चराया, जंगलं, पाटबंधारे आणि मासेमारीची क्षेत्रं तपासून दीर्घकाळ टिकलेल्या व्यवस्थांची लक्षणं सांगितली. वापरणाऱ्यांनीच नियम ठरवणं, त्यांनीच लक्ष ठेवणं, हद्द स्पष्ट असणं, तंटा जागच्या जागी मिटवता येणं, ही त्यातली ठळक लक्षणं. २००९ साली त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. पवनारच्या भगिनींनी त्यांचा ग्रंथ समोर ठेवून काही केलं नाही, पण त्यांची घडी या लक्षणांशी जवळजवळ तंतोतंत जुळते.

इथे पहिला आक्षेप येतो आणि तो वजनदार आहे. आश्रम ही संस्थेची जागा. तिला विनोबांच्या नावाचं वलय आहे, तिथे भाविक येतात, सरकारही तिला हात लावायला कचरतं. त्यावरून सामान्य बागेविषयी किंवा मैदानाविषयी काय सिद्ध होणार? वलयाचं उत्तर वर आलंच आहे. वाकाटकांचं वलय काही कमी नव्हतं. पण वलयाशिवाय नुसत्या राबत्यावर जागा टिकते का, हे पाहायचं तर मुंबईचं शिवाजी पार्क घ्यावं. १९२५ साली महापालिकेने ते खुलं केलं. तिथली जमीन देशातल्या सर्वांत महाग जमिनींपैकी आहे. तरीही शंभर वर्षं ते मैदान राहिलं, कारण पहाटेचे फिरायला येणारे, क्रिकेटची शिबिरं, समर्थ व्यायाम मंदिर, संध्याकाळी कट्ट्यावर बसणारे, सभा आणि ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर येणारा अफाट जनसमुदाय या सगळ्यांचं त्या मैदानावर काही ना काही काम आहे. यातल्या कोणाचंच तिथे पूर्ण स्वामित्व नाही. एकमेकांशी त्यांचे खटकेही उडतात. पण मैदानाचा एक कोपरा जरी कमी व्हायला लागला तर बोंब मारायला दहा प्रकारची माणसं पुढे येतात. जेन जेकब्ज यांनी १९६१ मध्ये अमेरिकेतल्या शहरांविषयी हेच लिहिलं: बाग भोवतालच्या वस्तीला आपोआप तारत नाही, उलट भोवतालची वस्ती वेगवेगळ्या वेळी वेगवेगळ्या कारणांनी तिच्यात येत राहिली तरच बाग तरते.

लंडनच्या चौक-बागांचं उदाहरण याच संदर्भात वेगळ्या कारणाने उपयोगी आहे. चहूबाजूंनी घरं, मध्ये झाडी, भोवती लोखंडी कठडा आणि फाटकाची किल्ली फक्त भोवतालच्या घरांकडे, अशी त्यांची मूळ रचना. विसाव्या शतकाच्या आरंभी त्यांवर बांधकामं होऊ लागली तेव्हा लोक अस्वस्थ झाले आणि १९३१ साली संसदेने कायदा करून ४६१ चौक-बागांना संरक्षण दिलं. त्या वाचल्या. मात्र त्यांतल्या कित्येकांची फाटकं आजही कुलूपबंद आहेत. आभाळाला मोकळी असलेली जागा माणसांना मोकळी असतेच असं नाही, हा भेद आपण सारखा विसरतो. आपल्या शहरांतल्या तिकीट, वेळापत्रक आणि 'हिरवळीवर बसू नये' अशी पाटी असलेल्या बागा याच जातीच्या आहेत. त्यांना कुंपण आहे, माळी आहे, पण त्यांच्यावर हक्क सांगणारं कोणी नाही. म्हणून अशा बागेतून वाहनतळासाठी तुकडा काढला गेला तर गावाला ते उशिराच कळतं.

आता आश्रमाची हद्द ओलांडून गावाच्या शिवारात जाऊ, कारण खरा प्रश्न तिथे आहे. कोणी म्हणेल, पवनारला मोकळ्या जागेची काय वाण? चारी बाजूंना शेतंच शेतं आहेत. पण शेत हे मालकाचं असतं. जूनमध्ये लावलेली कपाशी जानेवारीपर्यंत उभी असते, तुरीचं पीक त्याहूनही रेंगाळतं, सोयाबीन निघालं की पाण्याची सोय असलेल्या शेतात गहू-हरभरा येतो. भूमिहीन मजुराच्या मुलाला त्या हिरव्या शिवारात खेळायला एक वावही जागा नसते, त्याच्या आईच्या शेळ्यांना धुऱ्यावरचं गवतसुद्धा विचारून घ्यावं लागतं. गावातली खरी मोकळी जागा म्हणजे गायरान, झुडपी जंगल, नदीचं पात्र, गावठाणातले चौक, आठवडी बाजाराचं पटांगण, स्मशानभूमी, पांदण रस्ते आणि आता शहराच्या वाऱ्याने गावोगाव पडलेल्या लेआऊटमधले 'ओपन स्पेस'. यातली एकही जागा बाग नाही. तरी शहरातली बाग जी कामं करते ती सगळी याच जागा करतात, आणि वर चारा, सरपण, मुरूम, पाणी पुरवतात.

या जागांचा इतिहास समजून घेतल्याशिवाय पुढचं बोलता येत नाही. वर्धा जिल्हा पूर्वीच्या मध्य प्रांतातला, म्हणजे मालगुजारीचा. गावची पडीक जमीन, झाडी, तळी मालगुजाराच्या मालकीची असत, मात्र त्यांवर गावकऱ्यांचे निस्ताराचे हक्क असत. गुरं चारणं, घरापुरतं सरपण आणि लाकूड आणणं, घर लिंपायला माती घेणं, असे ते हक्क. बंदोबस्ताच्या वेळी वाजिब-उल-अर्ज नावाच्या दस्तऐवजात गावच्या चालीरीती लिहून ठेवल्या जात. १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली, आणि १९५१ पासून या जमिनी सरकारजमा झाल्या. मालगुजारी जाणं योग्यच होतं, त्यात दुमत नको. पण मालकी बदलताना एक बारीकसा फरक पडला. पूर्वी जमीन मालगुजाराची असली तरी तो गावातच असे, त्याच्याशी भांडता येत असे आणि वापर डोळ्यांसमोर असे. आता मालक सरकार झालं, आणि सरकारच्या कागदात जी जमीन कोणाच्या नावाने लागवडीखाली नाही ती 'पडीक' किंवा 'शिल्लक' ठरली. तिथे शेकडो जनावरं रोज चरत असली तरी कागदाला ती रिकामी दिसते. रिकाम्या जागेवर मग शाळा, टाकी, वीज उपकेंद्र, घरकुलं, वखार, कधी एखाद्याचं कुंपण, जे जे सुचेल ते येतं.

याचा परिणाम किती मोठा आहे हे एन. एस. जोधा यांनी १९८६ साली दाखवून दिलं. महाराष्ट्रासह सात राज्यांच्या कोरडवाहू भागातली ८० हून अधिक गावं त्यांनी तपासली. पन्नाशीच्या दशकाच्या आरंभापासून ऐंशीच्या दशकाच्या आरंभापर्यंत या गावांतली सामाईक जमीन राज्याराज्यांत ३१ ते ५५ टक्क्यांनी घटलेली आढळली. गरीब कुटुंबांच्या उत्पन्नाचा १४ ते २३ टक्के भाग याच जमिनींतून येत होता, हेही त्यांनीच मोजलं. जमिनीच्या वाटपात गरिबांना तुकडा मिळाला तरी तो त्यांच्या हातात फारसा टिकला नाही, आणि सामाईक मात्र कायमचं गेलं. गॅरेट हार्डिन यांनी १९६८ मध्ये सामाईक जमिनीचा नाश हा वापरणाऱ्यांच्या हावेमुळे अटळ असतो असं मांडलं होतं. भारताच्या कोरडवाहू गावांत जमीन गेली ती बहुतांशी वाटपाने आणि अतिक्रमणाने, म्हणजे ती सामाईक राहिलीच नाही म्हणून. दोन्ही गोष्टी एक नव्हेत.

इथे दुसरा आक्षेप घ्यायला हवा, आणि तो मला सर्वांत अवघड वाटतो. डोक्यावर छप्पर नसलेल्या माणसाला गायरानावर झोपडी बांधू द्यायची नाही, कारण तिथे शेळ्या चरतात, हे कोणत्या तोंडाने सांगणार? सर्वोच्च न्यायालयाने २८ जानेवारी २०११ च्या जगपाल सिंग निकालात गावच्या सामाईक जमिनींवरची अतिक्रमणं हटवण्याचे आदेश सर्व राज्यांना दिले. मात्र भूमिहीन मजुरांना किंवा अनुसूचित जाती-जमातींना रीतसर दिलेल्या जमिनींना त्यात अपवाद ठेवला. तो अपवाद न्याय्य आहे. पण गरिबाला घर द्यायचं तर ते गरिबाच्याच सामाईकातून का द्यायचं, हा प्रश्न उरतोच. याचं उत्तर पवनारहून निघालेल्या विनोबांनी दिलेलं आहे. भूदान मागत फिरलेल्या या माणसाने गावचं गायरान वाटायला सांगितलं नाही, त्याने जमीनदाराकडे जाऊन त्याच्या खासगी जमिनीचा सहावा हिस्सा मागितला. जवळपास ४२ लाख एकर जमीन दानात आली. त्यातली बरीच लागवडीलायक नव्हती, बरीच कधी वाटलीच गेली नाही, आणि या अपयशाचा हिशेब इतिहासकारांनी पुरेपूर मांडला आहे. मागणीची दिशा मात्र बिनचूक होती: ज्याच्याकडे जास्त आहे त्याच्याकडून घ्यायचं. घरकुलासाठी जमीन विकत घेणं शासनाला शक्य आहे, गरज पडल्यास संपादनही करता येतं. गायरान स्वस्त पडतं म्हणून ते वापरलं जातं, आणि ते स्वस्त पडतं याचं कारण त्यावरच्या राबत्याची किंमत कोणी लावलेली नसते.

पूर्व विदर्भात या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. झुडपी जंगल म्हणून नोंदलेल्या जमिनी वर्ध्यासह इथल्या सगळ्या जिल्ह्यांत आहेत. चरणाऱ्या गुरांसाठीची ही झुडपं वन कायद्याखाली येतात की नाही, यावर अनेक दशकं खल झाला. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या जमिनी वनजमिनीच मानायच्या असा निर्णय दिला आणि १९९६ पूर्वी रीतसर दिल्या गेलेल्या जागा केंद्राच्या मान्यतेने नियमित करण्याची वाट मोकळी ठेवली. बांधकामापासून संरक्षण मिळालं हे चांगलंच झालं. तरी वनजमीन म्हटलं की तिचा राखणदार वनखातं होतं, आणि ज्या गुराख्यांच्या येण्याजाण्याने ती झुडपी राहिली त्यांचं नाव पुन्हा कुठेच येत नाही. जमीन वाचवायची आणि तिच्यावरचा राबता पुसायचा, ही चूक लंडनच्या कुलूपबंद फाटकांत झाली तशीच इथेही होऊ शकते.

तिसरा आक्षेप सामाजिक न्यायाचा, आणि तो टाळून पुढे जाणं अप्रामाणिकपणाचं ठरेल. जुना राबता, जुन्या चालीरीती असं म्हणताना कोणाच्या चालीरीती? गावचा चौक, पाणवठा, नदीचा घाट ही ठिकाणं सर्वांची होती असं म्हणणं म्हणजे इतिहासाकडे पाठ फिरवणं आहे. वरच्या आळीचं पाणी वर, खालच्या आळीचं खाली, अशीच बहुतेक गावांची मांडणी होती. वर्ध्याचं लक्ष्मीनारायण मंदिर जमनालाल बजाजांनी १९२८ साली अस्पृश्य मानलेल्यांना खुलं केलं, ते बातमीचा विषय ठरलं ते यामुळेच. वाजिब-उल-अर्जसारख्या वापराच्या नोंदीला मान द्यायचा तर जुना अन्यायही नोंदला जाणार नाही का? या शंकेचं उत्तर महाडने दिलं आहे. १९२३ साली मुंबई विधिमंडळात सार्वजनिक पाणवठे अस्पृश्य मानलेल्यांना खुले करण्याचा बोले यांचा ठराव झाला, पाठोपाठ महाडच्या नगरपालिकेने चवदार तळं सर्वांना खुलं असल्याचं जाहीर केलं. कागद पक्का होता, तरी तळं खुलं झालं नाही. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब आंबेडकर हजारो माणसांसह गेले आणि ते पाणी प्याले, तेव्हा त्या कागदात जीव आला. त्यानंतर दहा वर्षं कज्जा चालला आणि १९३७ साली मुंबई उच्च न्यायालयाने निकाल त्यांच्या बाजूने दिला. सार्वजनिक जागा सार्वजनिक होते ती ज्यांना तिथे मज्जाव होता ती माणसं तिथे उघडपणे वावरू लागतात तेव्हा. म्हणून राबत्याची नोंद ही जुन्या रीतीची नक्कल असू नये. गावातल्या प्रत्येक रहिवाशाचा हक्क समान, ही तिची पहिली ओळ असावी, आणि गायरानाच्या बाबतीत भूमिहीनाचा हक्क आधी.

राहिला तो शेवटचा आक्षेप: राबत्याने जागा बिघडते. पवनारच्या नदीवरच याचा दाखला आहे. वर्धा शहराला पाणी देणारी ही नदी, आणि याच नदीत वर्ध्याच्या गणपतींचं आणि देवींचं विसर्जन. प्लास्टर ऑफ पॅरिसचे अवशेष, निर्माल्य, रंग हे सगळं पात्रात. सुट्टीच्या दिवशी खडकांवर सहलींची गर्दी आणि मागे पत्रावळी, बाटल्या. हाही राबताच की! हो, पण त्याचं एक अंग तुटलेलं आहे. जो घाण करतो तो संध्याकाळी घरी जातो आणि त्याला उद्या त्या खडकावर काही काम नसतं. ऑस्ट्रॉम यांच्या लक्षणांतलं सर्वांत महत्त्वाचं लक्षण इथे गैरहजर आहे: फायदा घेणारा आणि राखणारा एकच नाही. आश्रमात तो एकच आहे, म्हणून अंगण स्वच्छ. यावरचा उपाय म्हणून आपल्याकडे सुशोभीकरण सुचतं. गांधींच्या दीडशेव्या जयंतीच्या निमित्ताने आखलेल्या सेवाग्राम विकास आराखड्यात पवनारच्या नदीकाठालाही पायऱ्या, बैठका, दिवे असं रूप देण्यात आलं. पाहुण्यांची सोय झाली हे खरं. पण धामचा तो काठ मुळात खडकांचा आहे, पावसाळ्यात पाणी त्या खडकांवरून मोकळं पसरतं, आणि काँक्रीटची पायरी कितीही देखणी असली तरी ती गावाला काही नवं काम देत नाही. तिला देखभालीचा ठेका लागतो, ठेक्याला दरवर्षी निधी लागतो, आणि निधी अडला की दिवे बंद पडतात. तेवढ्याच पैशात विसर्जनासाठी पात्राबाहेर कायमचे कुंड बांधून, त्यांची व्यवस्था गणेश मंडळांकडेच सोपवली असती तर राबत्याचं तुटलेलं अंग जोडलं गेलं असतं. मंडळांकडे मनुष्यबळ आहे, वर्गणी आहे, उत्साह तर आहेच. त्यांना मिरवणुकीच्या दुसऱ्या दिवशीची जबाबदारीही द्यायला हवी.

मग करायचं काय, तर त्यासाठी नवा कायदा शोधायची गरज नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेत, म्हणजे १९६६ च्या कायद्यात, १६१ पासूनच्या कलमांमध्ये निस्तार पत्रकाची तरतूद अजून जिवंत आहे. जिल्हाधिकाऱ्याने प्रत्येक गावासाठी ते तयार करायचं, मसुदा गावात प्रसिद्ध करायचा, गावकऱ्यांची इच्छा जाणून घ्यायची आणि मग ते अंतिम करायचं. गुरं चारण्याच्या अटी, लाकूड-सरपण, मुरूम, रेती, माती, दगड यांच्या वापराच्या अटी त्यात लिहायच्या. शेतीच्या जनावरांना फुकट चराई, घरगुती वापरापुरता फुकट माल आणि गावच्या कारागिरांना सवलत, हे धोरणही त्याच कलमांत आहे. वाजिब-उल-अर्जची तरतूद त्याच्याच शेजारी आहे, आणि वहिवाटीच्या वाटांचे, पाण्याचे, मासेमारीचे रिवाज तिच्यात नोंदता येतात. निस्तार पत्रकाकडे महसूल खात्यातली जुनी अडगळ म्हणून पाहिलं जातं, याचं मला वाईट वाटतं. आपल्याकडे लोकांच्या वापराला मोकळ्या जागेचं मोजमाप मानणारा हा जवळपास एकमेव कागद आहे. विकास आराखड्यातल्या बागेच्या आरक्षणाशी त्याची तुलना करून पाहावी. प्रादेशिक व नगररचना अधिनियमाच्या १२७ व्या कलमानुसार दहा वर्षांत जमीन घेतली नाही, आणि मालकाने नोटीस दिल्यावर ठरलेल्या मुदतीतही हालचाल झाली नाही, की आरक्षण संपतं. तोपर्यंत त्या नियोजित बागेत एकही माणूस फिरकलेला नसतो, त्यामुळे ती गेल्याचं दुःखही कोणाला होत नाही. निस्तार पत्रकात जे लिहिलं जातं ते आधीच घडत असतं, आणि म्हणूनच ते मोडलं तर कोणाचं तरी नुकसान लगेच दिसतं.

पवनारसाठी असं पत्रक आज नव्याने लिहायला घेतलं तर त्यात गुरं-सरपणाच्या पलीकडचं बरंच येईल. पोरांच्या क्रिकेटचं मैदान कोणतं, आठवडी बाजार कुठे भरतो, १२ फेब्रुवारीला मेळ्याची माणसं कुठून उतरतात, विसर्जन कुठे होईल आणि कुठे होणार नाही, नदीवर धुणं कुठे, पोहणं कुठे, पाणी उचलायच्या जागेच्या वरच्या अंगाला काय वर्ज्य, कोणती पांदण कोणत्या महिन्यात बैलगाडीसाठी मोकळी हवी. लेआऊटमधल्या ओपन स्पेसची ओळही त्यात यावी. २०२० च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीप्रमाणे एक एकराच्या आसपासच्या आणि त्याहून मोठ्या लेआऊटमध्ये दहा टक्के जागा करमणुकीसाठी मोकळी ठेवावी लागते. वर्धा-नागपूर रस्त्याच्या दुतर्फा शेतं प्लॉटमध्ये बदलत चालली आहेत, त्यामुळे येत्या काळात गावाच्या वाट्याला येणारी नवी मोकळी जागा बहुतेक याच दहा टक्क्यांतून येईल. ती लेआऊटच्या एखाद्या आडव्यातिडव्या कोपऱ्यात टाकलेली असते आणि प्लॉट विकले जाईपर्यंत तिथे राहणारं कोणी नसतं. म्हणजे जन्मतःच ती राबत्याविना असते. म्हणून पहिलं घर उभं राहण्याआधीच तिचं काम ठरवावं: शेजारच्या जुन्या वस्तीतल्या मुलांचं मैदान, अंगणवाडीचं अंगण किंवा धान्य वाळवायचं सामाईक खळं. कुंपण नंतर घातलं तरी चालेल, पण वाट आधी हवी, आणि ती जुन्या गावाच्या बाजूनेही उघडणारी हवी. हे सगळं लिहून ग्रामसभेसमोर ठेवलं की तिथे वाद होतील. क्रिकेटवाले आणि शेळ्यावाले समोरासमोर येतील, मंडळं आणि पाणीपुरवठ्याचे अधिकारी भांडतील, लेआऊटवाला आपला नकाशा पुढे करील. तो वाद घालायलाच ग्रामसभा असते, आणि मसुदा गावात प्रसिद्ध करून गावकऱ्यांची इच्छा जाणून घेण्याची रीत निस्तार पत्रकाच्या कलमांत लिहिलेलीच आहे.